झरमॅटला जेवायचं कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी, झरमॅट गावी जायचं ठरलं की आधी हॉटेल, मग केबलकारचे पास आणि शेवटी कधीतरी जेवणाचा विचार होतो. तिथे पोहोचल्यावर मात्र सगळ्यात जास्त डोकं जेवणच खातं. आमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव बदलत राहतात, म्हणून आकडे अंदाजापुरतेच धरा.

१. झरमॅटमध्ये जेवण गावात करावं की वर डोंगरावर?

दुपारचं डोंगरावर, रात्रीचं गावात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. स्कीच्या बहुतेक गावांत डोंगरावर घाईघाईत ट्रे घेऊन खायचं आणि रात्री थाटात जेवायचं अशी पद्धत असते. झरमॅटमध्ये उलट आहे. इथल्या उतारांवर जुन्या लाकडी घरांतली रेस्टॉरंटं आहेत, टेबलावर येऊन वाढतात, वाइनची यादी लांबलचक असते आणि समोर ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. लोक दोन-दोन तास बसतात. तेव्हा खिसा सैल सोडायचा तर दुपारी सोडा. रात्री सूप-पावावर भागवलंत तरी काही बिघडत नाही.

२. दोघांच्या एका जेवणाला किती खर्च येईल? आणि एवढं महाग का?

एक स्विस फ्रँक म्हणजे शंभर रुपयांहून जास्त, हे डोक्यात ठेवून वाचा. डोंगरावर सूप १२ ते १६ फ्रँक, रोश्टी (बटाट्याच्या किसाची) २५ च्या आसपास, फोंड्यू (वितळवलेलं चीज, पावाबरोबर) माणशी ३० ते ४०, मांसाचा मुख्य पदार्थ ३५ ते ५० किंवा वर. कॉफी पाच-सहा फ्रँक. दोघांनी वाइन न घेता नीट जेवायचं तर ८० ते ११० फ्रँक धरा. मोठ्या हॉटेलांतल्या अनेक पदार्थांच्या मेजवानीला माणशी दीडशे ते अडीचशे फ्रँक सहज लागतात, वाइन वेगळी.

महाग असण्याचं कारण नुसतं श्रीमंत गिऱ्हाईक नाही. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. तुमची गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात ठेवून शटल ट्रेनने यावं लागतं, तसाच गावाचा मालही मुख्यतः रेल्वेने येतो. स्टेशनवरून तो छोट्या विजेच्या गाड्यांतून फिरतो आणि वरच्या रेस्टॉरंटांना पुन्हा केबलकारने किंवा बर्फावरच्या वाहनाने चढतो. स्वित्झर्लंडमधले पगारही त्या बिलात असतातच.

३. स्वस्तात पोट भरायचं असेल तर?

स्टेशनसमोरच कोऑप हे सुपरमार्केट आहे, जवळच मिग्रोस हे दुसरं. पाव, चीज, दही, फळं, तयार सॅलड, सँडविच सगळं मिळतं आणि पर्यटनगाव असल्यामुळे हंगामात रविवारीही दुकानं उघडी असतात. फुक्स ही गावातली बेकरी; तिथला सुकामेवा घातलेला 'बेर्गफ्यूररब्रोट', म्हणजे डोंगरी वाटाड्यांचा पाव, दिवसभर टिकतो आणि एका तुकड्यात भूक भागते. बाहेर खायला घेतलं तर बिलही जरा हलकं येतं, कारण बसून खाल्लं की मूल्यवर्धित कर ८.१ टक्के आणि बांधून नेलं की २.६ टक्के. बानहोफश्ट्रासं या मुख्य रस्त्यावर मॅकडोनल्ड्सही आहे. मात्र त्याचे भाव पुण्या-मुंबईचे समजून जाऊ नका.

रात्री स्वस्त आणि बसून खायचं असेल तर चर्चजवळचं 'दु पाँ' पाहा. गावातल्या सर्वांत जुन्या रेस्टॉरंटांपैकी एक, बुटक्या छताचं, रोश्टी आणि राक्लेट (वितळवून ताटात खरवडलेलं चीज, प्रश्न ९) साधंसुधं.

४. टेबल आधी राखून ठेवावं लागतं का?

नाताळ ते नववर्ष, फेब्रुवारीतल्या युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या आणि ईस्टर या काळात हो, तेही काही आठवडे आधी. नावाजलेल्या डोंगरी रेस्टॉरंटांत गर्दीच्या दिवसांत जेवणाच्या दोन पाळ्या असतात. पहिली पाळी घ्यावी असं मी सांगेन. ऊन चांगलं असतं, पदार्थ संपलेले नसतात आणि नंतर खाली उतरायला उजेड उरतो. जानेवारीच्या मधल्या आठवड्यांत आदल्या दिवशी फोन केला तरी बहुधा जमतं.

ठरलेल्या वेळेला पोहोचायला उशीर होणार असेल तर फोन करा. वीस मिनिटं वाट पाहून टेबल दुसऱ्याला देतात, आणि न येणाऱ्यांकडून पैसे कापून घेणारीही ठिकाणं आहेत.

५. आम्ही मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत येतोय. सगळं उघडं असेल ना?

नाही, आणि हा धक्का दरवर्षी बऱ्याच जणांना बसतो. झरमॅटचे दोन हंगाम आहेत: हिवाळा साधारण नोव्हेंबरअखेर ते एप्रिलअखेर आणि उन्हाळा साधारण जूनमध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. आपली मे महिन्याची सुट्टी नेमकी दोन्हींच्या मधल्या फटीत येते. तेव्हा बरीच मोठी हॉटेलं बंद असतात, डोंगरावरची बहुतेक लाकडी घरं कुलूपबंद असतात आणि काही केबलकार दुरुस्तीसाठी थांबलेल्या असतात. पायवाटांवर वितळणाऱ्या बर्फाचा चिखल, तो वेगळाच.

उपाशी मात्र राहणार नाही. वर गोर्नरग्राटला जाणारी ट्रेन वर्षभर धावते आणि ३,१०० मीटरवरच्या कुल्महॉटेलात खायला मिळतं. मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅरडाइजला, म्हणजे ३,८८३ मीटरवरच्या केबलकार स्थानकात, रेस्टॉरंट आहे. गावातही काही ठिकाणं चालू असतात. फक्त प्रश्न ७ मधली यादी मनात धरून मे महिन्यात येऊ नका. जूनचा शेवटचा आठवडा जमत असेल तर तो घ्या.

६. आई-बाबा सत्तरीचे आहेत, आम्हांला कोणालाच स्की येत नाही. वरच्या रेस्टॉरंटांत जाता येईल का?

येईल, पण कुठे जायचं ते गुडघे पाहून ठरवा.

सर्वांत सोपं गोर्नरग्राट. दातेरी चाकांची ही ट्रेन १८९८ पासून धावतेय. गावातून ३३ मिनिटांत वर, आणि वरच्या स्थानकापासून कुल्महॉटेल अगदी थोड्या चालीवर. तेवढ्यासाठीही लिफ्टची सोय आहे. याच मार्गावर मध्ये रिफेलबेर्गला (२,५८२ मीटर) उतरून तिथल्या जुन्या हॉटेलच्या अंगणात जेवता येतं. ज्यांना फार उंची सोसत नाही त्यांना हे जास्त बरं.

थोडं चालणारे असतील तर सुनेगा. गावातून बोगद्यातली फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, पाचेक मिनिटांत २,२८८ मीटरवर नेते. तिथेच रेस्टॉरंट आहे, बसायचं आणि परत यायचं. फिंडेल्नच्या वाडीत जायचं तर सुनेगापासून अर्धा तास उतार आहे. हिवाळ्यात वाट दाबून तयार केलेली असते, तरी ती निसरडी असते. खरी पंचाईत जेवणानंतर, कारण परतताना तोच उतार चढ होतो किंवा जंगलातून तासभर खाली गावात उतरावं लागतं. सत्तरीच्या माणसांना बर्फात मी ते करायला लावणार नाही. उन्हाळ्यात, काठी घेऊन, खुशाल.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर गोर्नरग्राट आणि सुनेगा दोन्हींच्या तिकिटावर ५० टक्के सवलत मिळते. जेवणाच्या खर्चात हे भाडं धरायला लोक विसरतात.

७. नावं सांगा. डोंगरावर नेमकं कुठे?

फिंडेल्नपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. काळपट झालेल्या लाकडी कोठारांची ही छोटी वाडी आणि त्यात तीन-चार रेस्टॉरंटं. सर्वांत प्रसिद्ध 'शे व्रोनी'. कुटुंबाचं शंभरीपार घर, स्वतःच्या जनावरांच्या दुधामांसाचे पदार्थ, उन्हात मेंढीची कातडी पसरलेल्या खुर्च्या आणि समोर मॅटरहॉर्नची ती पोस्टकार्डवाली बाजू. इतकं गाजलेलं ठिकाण एव्हाना बिघडायला हवं होतं. तसं झालेलं नाही. फक्त मोबाइल हातात घेऊन टेबलांमधून फिरणाऱ्यांची तयारी ठेवा. तिथे जागा नाही मिळाली तर शेजारचं 'फिंडलरहोफ' किंवा जरा तरुण गर्दीचं 'आडलर हिट्टा' पाहा. देखावा तोच.

'त्सुम झे' ही दुसऱ्या बाजूची, फुरी या केबलकार स्थानकाच्या खालची वाडी. तिथलं त्याच नावाचं रेस्टॉरंट शतकांपूर्वीच्या लाकडी घरात आहे, खोल्या ठेंगण्या आणि टेबलं खेटून. हातानं केलेला पास्ता आणि केक ही त्यांची खासियत. मॅटरहॉर्न इथून फिंडेल्नइतका दिमाखात दिसत नाही, म्हणून गर्दी थोडी जाणत्यांची असते. माझं मत विचाराल तर ताटातल्यासाठी त्सुम झे, डोळ्यांसाठी फिंडेल्न. फुरीपर्यंत केबलकारने जाऊन पंधरा-वीस मिनिटं खाली चालत पोहोचता येतं.

'फ्लुहाल्प' सुमारे २,६०० मीटरवर, रोटहॉर्नच्या उताराकडे. हिवाळ्यात उन्हाच्या दिवशी गच्चीवर गाणी-बजावणी असते. स्की येणाऱ्यांना सोपं, बाकीच्यांना लांब. रिफेलआल्पजवळचं 'आल्पहिट्टा' ट्रेनच्या थांब्यापासून चालत जाण्यासारखं आहे. श्वार्त्सझेला मॅटरहॉर्नच्या अगदी पायाशी जुनं हॉटेल आहे. तिथून डोंगर इतका जवळ येतो की त्याचा ओळखीचा आकारच हरवतो.

आणखी एक, थोडं तमाशासारखं: रोटेनबोडनजवळ हिवाळ्यात बर्फाची घरं बांधतात आणि त्यांत फोंड्यू वाढतात. मुलांना आवडतं. बसायला थंड, एवढं लक्षात असू द्या.

८. रात्री गावात कुठे जावं?

चीजचं काही खायचं असेल तर मोंटे रोझा हॉटेलातलं 'व्हिंपर-श्टुबं'. एडवर्ड व्हिंपर १८६५ च्या जुलैमध्ये मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा चढला तेव्हा तो याच हॉटेलात उतरला होता. सात जण शिखरावर पोहोचले, उतरताना चौघे गेले. खोली लहान आहे आणि चीजचा वास कपड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

मटण आवडणाऱ्यांनी युलेन कुटुंबाच्या हॉटेलातलं 'शेफरश्टुबं' चुकवू नये. कुटुंबाच्या स्वतःच्या मेंढ्या आहेत. काळ्या तोंडाच्या, लांब लोकरीच्या त्या मेंढ्या या खोऱ्याची ओळख आहेत. चर्चच्या बाजूला 'एल्सीज बार' आहे, एवढासा, गोगलगायी आणि कालवं मिळणारा. पोट भरायला नाही, पण बसायला छान.

पिझ्झा-पास्ता-फोंड्यू सगळं एका ठिकाणी आणि मुलंबाळं बरोबर असतील तर मुख्य रस्त्यावरचं 'वालिझरकानं'. थाटातलं जेवण मों सर्व्हां पॅलेस, झरमाटरहोफ, ऑम्निया अशा मोठ्या हॉटेलांत मिळतं. मिशेलिन तारे दरवर्षी येतात-जातात, म्हणून ताऱ्यासाठीच जाणार असाल तर त्या वर्षीची यादी पाहा.

वेळ पाळा. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला सुरू होतं आणि नऊ-साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं. आपल्या सवयीने दहाला बाहेर पडलात तर पिझ्झा, कबाब किंवा पबमधलं काहीतरी, एवढंच उरतं.

९. फोंड्यू आणि राक्लेट यांत फरक काय? एकदाच खायचं तर कोणतं?

फोंड्यू म्हणजे पांढऱ्या वाइनमध्ये वितळवलेलं चीज. मातीच्या किंवा ओतीव लोखंडाच्या भांड्यात ते मंद आचेवर टेबलावर येतं आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवायचा. ग्रुयेर आणि वाशरँ चीज निम्मं-निम्मं घालून केलेलं सर्वांत प्रचलित. झरमॅट ज्यात येतं त्या वाले प्रांतात टोमॅटो घातलेलंही करतात, ते उकडलेल्या बटाट्यांबरोबर खातात आणि आपल्या जिभेला ते जास्त जवळचं वाटतं. काटा तळापर्यंत नेऊन आठच्या आकड्यात फिरवत राहायचं, नाहीतर चीज गोळा होतं. शेवटी तळाशी खरपूस थर उरतो. तो वाढपी काढून देतो, सोडू नका.

राक्लेटमध्ये चीजचा अर्धा गोल विस्तवासमोर धरतात आणि वितळलेला थर थेट ताटात खरवडतात. बरोबर सालासकट उकडलेले बटाटे, काकडीचं आणि छोट्या कांद्याचं लोणचं. वाले हेच राक्लेटचं माहेर, तेव्हा एकदाच खायचं असेल तर राक्लेट. फोंड्यू स्वित्झर्लंडात कुठेही मिळेल. शिवाय फोंड्यू बऱ्याच ठिकाणी किमान दोघांसाठीच देतात. एकट्याने फिरणाऱ्यांची त्यात अडचण होते.

१०. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. रोज चीज-पावच खावं लागेल का?

रोज नाही, पण बऱ्याचदा. रोश्टी हा आधार: आपला बटाट्याचा कीसच, फक्त जाडसर थापून लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला, वर हवं तर अंडं किंवा चीज. मागवताना 'ओहनं श्पेक' (जर्मनमध्ये 'श्पेकशिवाय') म्हणा, कारण श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे, त्यात न विचारता पडतात. आल्प्लरमाग्रोनन म्हणजे मॅकरोनी, बटाटे, साय, चीज आणि तळलेला कांदा, सोबत सफरचंदाची चटणीवजा गोड प्युरे. तिथेही श्पेकचं विचारा. 'कोलेरा' नावाची वालेची पाय असते, आत बटाटा, लीक, सफरचंद आणि चीज. नावावर जाऊ नका, थंडीत तिच्यासारखं दुसरं काही नाही. केझश्निटं म्हणजे वाइनमध्ये भिजवलेल्या पावावर भाजलेलं चीज.

सूपबद्दल सावध राहा. भाज्यांचं सूपही मांसाच्या रश्श्यात केलेलं असू शकतं. 'फेगेटारिश' म्हणजे शाकाहारी हे सगळ्यांना कळतं, इंग्रजीही चालतं, पण 'मांस नको' एवढंच सांगून थांबू नका. रस्सा, श्पेक आणि मासे तिन्ही वेगळे विचारा.

११. जैन जेवण मिळेल का? आणि चीजमधल्या रेनेटचं काय?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं जोडलेली आहेत. ग्रुयेरसारखी पारंपरिक स्विस चीजं वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. म्हणजे कडक शाकाहारी माणसाला फोंड्यू चालत नाही, मग त्यावर शाकाहारी असं लिहिलेलं का असेना. वाइन आणि बहुधा किर्श ही चेरीची दारूही त्यात असते, भांडं आधी लसणाने घासतात. कोऑप-मिग्रोसमध्ये वनस्पतिजन्य रेनेटची चीजं मिळतात, वेष्टन वाचून घ्या.

जैन जेवण डोंगरावर मागू नका. तिथली स्वयंपाकघरं लहान असतात आणि बटाटा-कांदा काढला तर यादीत काही उरत नाही. टोमॅटोचा साधा पास्ता, कांदा-लसूण वगळून, गावातल्या इटालियन ठिकाणी आदल्या दिवशी सांगून मिळू शकतो. मोठ्या हॉटेलांत खोली घेतानाच लिहून कळवलंत तर ते मनापासून करतात. नाहीतर स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्या (प्रश्न १३).

१२. मांसाहार करतो, पण गाय आणि डुक्कर नको. यादीत ओळखायचं कसं?

हे जर्मन शब्द लक्षात ठेवा: 'रिंड' गोमांस, 'काल्ब' वासराचं मांस, 'श्वाइन' डुक्कर, 'लाम' कोकरू, 'पुले' कोंबडी. 'फेर्ड' दिसलं तर ते घोड्याचं. स्वित्झर्लंडात ते खातात. फसवणारी नावं वेगळी आहेत. 'वालिझर टेलर' म्हणजे सुकवलेल्या मांसाचं ताट, त्यात गोमांसही असतं आणि डुकराचंही. 'त्सुर्शर गेश्नेत्सेल्टस' म्हणजे वासराच्या मांसाचे तुकडे मलईदार रश्श्यात. कॉर्डाँ ब्लू बहुतेकदा डुकराचं किंवा वासराचं, आत हॅम घातलेलं. सॉसेजबद्दल नेहमी विचारा. मांस कोणत्या देशातून आलं ते रेस्टॉरंटने लिहिणं स्विस कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे या प्रश्नांना कोणी नाक मुरडत नाही. सगळ्यांत सुरक्षित लाम, आणि ते इथलं चांगलंच असतं.

१३. भारतीय जेवण? घरून खाऊ नेला तर चालेल?

युंगफ्राऊयोखवर जसं खास भारतीय पर्यटकांसाठी 'बॉलिवुड' रेस्टॉरंट आहे, तसं झरमॅटच्या डोंगरांवर नाही. गावात भारतीय पदार्थ मिळतात, पण ते बेताचेच समजा. तिखट कमी, भाव जास्त.

खाऊ न्या, मात्र कस्टम्सचे नियम पाहून. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वित्झर्लंडात आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, पनीर, तूप घरीच ठेवा. ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्याही नकोत. केळं, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तेलातल्या दशम्या, पाणी घालून होणारा उपमा यांना अडचण नाही.

हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावू नका. धुराचा गजर वाजला की अग्निशमन दलाच्या फेरीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. चार-पाच दिवस राहणार असाल तर 'फेरियनवोनुंग', म्हणजे स्वयंपाकघरासकट सदनिका, हाच शहाणपणाचा मार्ग. डाळ-तांदूळ कोऑपमध्ये मिळतात, हळद-मोहरी तेवढी बरोबर न्या.

१४. आपला डबा डोंगरावरच्या रेस्टॉरंटच्या टेबलावर बसून खाता येतो का?

नाही. एक कॉफी मागवूनही नाही. बाहेर बाकं आहेत, काही स्थानकांवर डबा खाण्यासाठी वेगळी जागा आहे, तिथे बसा. उन्हाळ्यात सुनेगाखालच्या लाइझे तळ्याकाठी बाकं आणि शेगड्याही आहेत, आणि लहान मुलांना खेळायला जागा. मुलांना घेऊन जेवायला त्याहून चांगलं ठिकाण अख्ख्या झरमॅटमध्ये नाही, फुकट असूनही.

१५. पाणी विकत घ्यावं का?

नको. नळाचं पाणी उत्तम आहे, गावात सार्वजनिक कारंजी आहेत, बाटली भरून घ्या. १९६३ मध्ये याच गावाच्या पाण्यातून टायफॉईडची मोठी साथ पसरली होती आणि जगभर बदनामी झाली होती; आज ती भीती बाळगायचं कारण नाही. रेस्टॉरंटात मात्र 'वासर' म्हटलं की बाटली उघडून येते आणि बिलात सहा-सात फ्रँक चढतात. 'हानंवासर', नळाचं पाणी, असं स्पष्ट मागा. काही ठिकाणी त्याचेही थोडे पैसे लावतात.

१६. वाइन घेत नाही. मग काय प्यावं? आणि घेणाऱ्यांनी कोणती?

न घेणाऱ्यांनी रिव्हेला चाखून पाहावं. दुधाच्या निवळीपासून केलेलं हे फसफसतं पेय स्विस लोक लहानपणापासून पितात. पहिल्या घोटाला विचित्र लागतं. फोंड्यूबरोबर मात्र गरम चहा घ्या; इथले लोकही एकतर चहा पितात नाहीतर वाइन.

घेणाऱ्यांनी वालेची वाइन घ्यावी, कारण स्विस वाइन देशाबाहेर जवळजवळ जातच नाही. चीजबरोबर फाँदाँ, हलकी आणि पांढरी. थोडी दमदार हवी तर पेतीत आर्विन, किंवा हायडा, जिचे मळे खालच्या फिस्परटर्मिननला १,१०० मीटरच्याही वर चढलेले आहेत. बाटलीऐवजी डेसिलीटरवर मागता येते, एक डेसी म्हणजे लहान ग्लास. स्कीवरून परत उतरायचं असेल तर तेवढ्यावर थांबा. नशेत झालेल्या अपघाताला बरेच प्रवास-विमे भरपाई देत नाहीत.

१७. टिप किती? कार्ड चालतं का?

सेवाशुल्क बिलातच असतं. समाधान झालं तर रक्कम वरच्या गोल आकड्याला न्यायची किंवा पाच-दहा टक्के ठेवायचे, सक्ती नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीनने रुपयांत की फ्रँकमध्ये असं विचारलं तर फ्रँक निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. युरोच्या नोटा घेतात, सुटे फ्रँकमध्ये देतात.

१८. कपडे कसे घालावे?

वर डोंगरावर स्कीचे बूट घालून सगळेच जेवतात. गावात स्वेटर आणि स्वच्छ बूट पुरतात. फक्त जुन्या मोठ्या हॉटेलांच्या भोजनगृहात जीन्स आणि स्पोर्ट शूज टाळा.

१९. मॅटरहॉर्न ग्लेशियर पॅरडाइजला, ३,८८३ मीटरवर, जेवावं का? उंचीचा त्रास होतो असं ऐकलं.

खा, पण थोडं. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांशाहूनही कमी असतो आणि पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे चहाही जरा फिकाच होतो. झरमॅट गाव स्वतः १,६०० मीटरवर आहे. तिथून पाऊण तासात एवढं वर गेल्यावर भरपेट चीज आणि वाइन म्हणजे डोकेदुखीला आमंत्रण. सूप, चहा, चॉकलेट एवढ्यावर भागवा आणि खरं जेवण खाली फुरी किंवा त्सुम झेला करा. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

२०. स्की करत इटलीत जाऊन जेवून परत येता येतं, हे खरं का?

खरं. सीमेपलीकडे चेर्व्हिनिया हे इटलीतलं स्कीचं गाव आहे, आणि स्कीचा आंतरराष्ट्रीय पास घेतला की तिकडे उतरता येतं. २०२३ च्या जुलैपासून दोन्ही बाजूंना जोडणारी केबलकारही सुरू झाली आहे, म्हणजे स्की न येणारेही आता पलीकडे जाऊ शकतात. पोलेंटा, ताजा पास्ता, खरी एस्प्रेसो आणि भाव बरेच कमी. प्लां मेझोंजवळचं 'शाले एत्वाल' त्यांतलं नावाजलेलं. तिथेही टेबल आधी राखा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पासपोर्ट मात्र खिशात हवा.

आता धोका. वरच्या खिंडीत वारा वाढला की केबलकार बंद होतात, कधी दुपारीच. परतीची शेवटची फेरी हुकली तर झरमॅटला यायला डोंगर ओलांडायची दुसरी सोय नाही. गाडीने मोठा वळसा घालून कित्येक तास आणि टॅक्सीचे शेकडो फ्रँक, नाहीतर इटलीत मुक्काम. म्हणून बाराच्या आधी टेबलावर बसा, दीडला उठा, आणि हवामान शंकास्पद असेल तर तो बेत रद्द करा.

२१. सहलीत संकष्टी येते आहे. उपवासाला काय मिळेल?

'ग्श्वेल्टी' मागा, सालासकट उकडलेले बटाटे, लोण्याबरोबर. लोण्यातली साधी रोश्टीही चालेल, कांदा आणि श्पेक नको असं सांगून. सैंधवाची पुडी जवळ ठेवा. दूध, फळं, सुकामेवा कोऑपमध्ये आहेच. चंद्रोदयाची पंचांगातली वेळ तिथे उपयोगाची नाही. स्थानिक वेळ काढा, आणि खोऱ्यात चारी बाजूंना डोंगर असल्यामुळे चंद्र त्याहूनही उशिरा दिसतो. स्वयंपाकघर नऊला बंद होतं हे धरून (प्रश्न ८) जेवण आधीच खोलीवर आणून ठेवा.

२२. टेबल राखलं होतं, पण हिमवादळात केबलकारच बंद. पैसे जातात का? आणि गावच तुटलं तर?

केबलकार किंवा ट्रेन बंद असल्यामुळे जाता आलं नाही तर डोंगरावरची रेस्टॉरंटं सहसा पैसे मागत नाहीत, त्यांनाही ते दिसतच असतं. तरी फोन करून सांगा. आगाऊ रक्कम भरली असेल तर परताव्याची अट राखतानाच वाचा. एखाद्या दिवशी फक्त वरचे भाग बंद आणि खालचे चालू असंही होतं, तेव्हा फिंडेल्न चुकलं म्हणून उदास न होता फुरीच्या बाजूला फोन लावा.

गाव पूर्ण तुटणं विरळा, पण घडतं. २०१८ च्या जानेवारीत रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडून सुमारे १३,००० पर्यटक झरमॅटमध्ये अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. तरी हॉटेलं चालू राहिली, जेवण मिळत राहिलं. अशा वेळी हॉटेलातच सकाळ-रात्रीचं जेवण धरून खोली घेतलेली, म्हणजे 'हाल्बपेन्सिओन', फायद्याची ठरते. मुक्काम वाढला तर तिचा दर वाढीव दिवसांना लागू होईल का, हे मात्र स्वागतकक्षात त्याच दिवशी विचारून घ्या.